मसादाचा गड आणि नवगावचा किनारा

एखादी ऐतिहासिक वास्तू प्रतीक बनली की तिच्याकडे दोन अंगांनी पाहणे आवश्यक ठरते. ती वास्तू प्रत्यक्षात कशी होती, हे एक अंग. आणि तिच्याविषयी कोणी, कधी व कशासाठी काय सांगितले, हे दुसरे. या दोहोंत जे अंतर पडते ते तपासून पाहणे हे समीक्षेचे काम होय. यहुदी लोकांच्या चिवट जीवनशक्तीचे प्रतीक म्हणून आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या मसादा या वाळवंटी किल्ल्याच्या बाबतीत हे अंतर तपासण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे. मसादाचे पाषाण आम्ही येथे अभ्यासावयास घेतलेले नाहीत. मसादाची कथा अभ्यासावयास घेतली आहे. ती कथा एका ग्रंथात लिहिली गेली, आणि ग्रंथ म्हटला की त्याचे परीक्षण करण्याचा अधिकार वाचकाला आपोआप प्राप्त होतो.

किल्ल्यांच्या कथा मराठी वाचकाला नव्या नाहीत. आमच्या चऱ्होलीहून निघून आळंदी ओलांडली की काही मैलांवर चाकण लागते. आज चाकण म्हटले की मोटारींचे कारखाने आणि मालवाहू गाड्यांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. परंतु त्याच गावात संग्रामदुर्ग या भुईकोटाचे अवशेष उभे आहेत. इ.स. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळा या किल्लेदाराने मूठभर लोकांनिशी हा कोट जवळजवळ दोन महिने लढविला. सुरुंगाने बुरूज उडाला, माणसे पडली, आणि पुढे लढणे म्हणजे उरलेल्यांची केवळ आहुती देणे आहे असे दिसल्यावर त्याने किल्ला खाली केला. त्याला कोणी भ्याड म्हटले नाही. शिवाजी महाराजांनी त्याचा सन्मानच केला. पुढे पाचच वर्षांनी, १६६५ मध्ये, पुरंदरच्या तहात महाराजांनी स्वतः तेवीस किल्ले देऊन टाकले आणि बारा ठेवले. गड गेला तरी राज्य जात नाही, माणसे राहिली तर गड पुन्हा घेता येतो, हा विचार मराठी मनात तेव्हापासून रुजलेला आहे. हे माप हाती घेऊनच आपण मसादाकडे वळू.

मृत समुद्राच्या पश्चिम काठावर, यहुदियाच्या वाळवंटात, चोहोबाजूंनी तुटलेले कडे असलेला एक एकाकी डोंगर आहे. त्याचा माथा सपाट असून तो मृत समुद्राच्या पातळीपासून चारशे मीटरांहून अधिक उंच उठलेला आहे. ज्याच्या कारकिर्दीत प्रभू येशूचा जन्म झाला त्या हेरोद राजाने या माथ्यावर तटबंदी, कोठारे, स्नानगृहे आणि उत्तरेच्या कड्याला बिलगून उतरत जाणारा तीन मजली राजवाडा बांधला. पावसाचे तुरळक पाणी ओढ्यांतून वळवून खडकात खोदलेल्या बारा मोठ्या टाक्यांत साठविण्याची त्याची योजना तर कोणत्याही काळातील अभियंत्याने मान डोलवावी अशीच होती. त्या टाक्यांत सुमारे चार कोटी लिटर पाणी मावत असे. हेरोदाला हा गड हवा होता तो स्वतःच्या प्रजेच्या आणि मिसरच्या क्लिओपात्राच्या भीतीने. म्हणजे पुढे स्वातंत्र्याचे प्रतीक ठरलेला हा किल्ला मुळात एका भयग्रस्त राजाने आपला जीव वाचविण्यासाठी बांधला होता.

इ.स. ६६ मध्ये रोमविरुद्धचे बंड पेटले तेव्हा सिकारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका जहाल यहुदी गटाने मसादा काबीज केला. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडले, मंदिर भस्मसात झाले. त्यानंतर इ.स. ७३ किंवा ७४ मध्ये फ्लावियस सिल्वा या रोमन अधिकाऱ्याने दहावी पलटण घेऊन मसादाला वेढा घातला. डोंगराभोवती त्याने भिंत बांधली, आठ छावण्या उभारल्या आणि पश्चिमेकडून दगडमातीचा प्रचंड उतार रचून तटाला धडक देणारे यंत्र वर चढविले. छावण्यांच्या चौकटी आणि तो उतार आजही तेथे दिसतात. इथवरची हकीकत जमिनीवरील पुराव्याने सिद्ध होते.

यापुढची हकीकत मात्र एकाच माणसाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आली आहे. तो माणूस म्हणजे फ्लावियस जोसीफस. यहुदी युद्धाच्या आपल्या इतिहासाच्या सातव्या खंडात तो सांगतो, की तट कोसळल्यावर किल्ल्याचा नायक एलाझार बेन याईर याने आपल्या लोकांपुढे दोन भाषणे केली. गुलामगिरीपेक्षा मरण बरे, हे त्यांना पटविले. मग पुरुषांनी आपापल्या बायकामुलांना आपल्या हाताने मारले, दहा जणांनी चिठ्ठ्या टाकून उरलेल्या पुरुषांना मारले, त्या दहांतील एकाने नऊ जणांना मारून अखेर स्वतःला संपविले. एकूण नऊशे साठ माणसे मेली. सकाळी रोमन सैनिक वर आले तेव्हा त्यांना आगीचा धूर आणि भयाण शांतता एवढेच आढळले.

साहित्य म्हणून हे प्रकरण श्रेष्ठ आहे यात शंका नाही. जोसीफस वेढ्याचे वर्णन एखाद्या स्थापत्यविशारदासारखे थंडपणे करतो, आणि त्या थंडपणामुळेच शेवटची रात्र अंगावर येते. परंतु वाचक थोडा सावध असेल तर त्याला काही प्रश्न पडावेत. बंद किल्ल्यात झालेली, तत्त्वज्ञानाने ओथंबलेली ती दोन लांबलचक भाषणे कोणी टिपून ठेवली? त्या दुसऱ्या भाषणात एलाझार आत्म्याच्या अमरत्वाचे विवेचन करतो आणि दाखला कोणाचा देतो? भारतीयांचा! भारतातील ज्ञानी पुरुष देहाला बंधन मानतात, आप्तांचा निरोप घेऊन आनंदाने अग्नीत प्रवेश करतात, मग आपण त्यांच्यापेक्षा कमी ठरावे काय, असा त्याचा युक्तिवाद आहे. मृत समुद्राकाठचा एक बंडखोर मरणाच्या रात्री आपल्या बायकामुलांपुढे भारतीय तपस्व्यांचा दाखला देत होता, हे मानणे कठीण आहे. हा दाखला ग्रीक वक्तृत्वशास्त्रातला आहे. अलेक्झांडरच्या स्वारीपासून ग्रीक लेखकांना अग्निप्रवेश करणाऱ्या भारतीयांचे मोठे आकर्षण होते. येथे एलाझारच्या मुखातून जोसीफसच बोलतो आहे.

आणि हा जोसीफस कोण? तोच या बंडात गालिलाचा सेनापती होता. इ.स. ६७ मध्ये योतापाता हे नगर पडले तेव्हा तो चाळीस माणसांबरोबर एका गुहेत लपला. त्या सर्वांनी मरणाचा निश्चय केला. त्या वेळी जोसीफसने आत्महत्येविरुद्ध भाषण केले: जीव ही देवाने आपल्याजवळ ठेवलेली ठेव आहे, ती ठेव परस्पर मोडणारा सेवक धन्याचा अपराधी ठरतो, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. सोबत्यांनी ऐकले नाही. चिठ्ठ्या पडल्या, एकमेकांना मारण्यात आले, आणि शेवटी जोसीफस व आणखी एक जण उरले तेव्हा त्या दोघांनी रोमनांना शरण जाणे पत्करले. पुढे तो सम्राटाच्या आश्रयाने रोममध्ये राहिला आणि तेथेच त्याने हा इतिहास लिहिला. ही कथा त्याने स्वतःच आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात सांगितली आहे.

आता हे दोन खंड शेजारी ठेवून वाचावेत. तिसऱ्या खंडात चिठ्ठ्या, सामूहिक मरण आणि त्याला विरोध करणारे भाषण आहे; सातव्या खंडात चिठ्ठ्या, सामूहिक मरण आणि त्याचे समर्थन करणारे भाषण आहे. एकच लेखणी दोन्ही बाजू मांडते. आमच्या मते मसादाच्या प्रकरणाचे खरे नाट्य येथे आहे. जो जगला त्याने, जे मेले त्यांची बाजू लिहिली; आणि लिहिताना आपल्या जगण्याचा प्रश्नही त्यात गुंफला. एलाझारच्या तोंडी तो आपल्या पापांमुळे देवाने आपल्याला टाकून दिले आहे अशी कबुलीही घालतो, जी रोमन वाचकाला सोयीची होती. शिवाय चौथ्या खंडात याच सिकारींनी वल्हांडण सणाच्या वेळी एन-गेदी या यहुदी गावावर धाड घालून सातशेहून अधिक स्त्रिया व मुले मारल्याचे त्याने नमूद केले आहे. म्हणजे मूळ ग्रंथातील मसादाचे वीर निष्कलंक नाहीत. मसादाला प्रतीक बनविणाऱ्यांनी हे पान बहुधा न वाचताच उलटले.

या कथेत एक तपशील असा आहे, की ज्याकडे वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. नऊशे साठ माणसे मेली; परंतु दोन स्त्रिया आणि पाच मुले वाचली. ती पाण्याच्या भूमिगत मार्गात लपली होती. रोमनांचा गलबला ऐकून ती बाहेर आली आणि घडलेले सर्व सांगितले. त्यांपैकी एक, जी एलाझारची नातलग होती, मोठी समंजस व शिकलेली होती, असे जोसीफस म्हणतो. या दोघी लपल्या नसत्या तर मसादाची कथाच उरली नसती. मरणाची आज्ञा मोडून, पाच लेकरांना पोटाशी धरून जी अंधारात बसून राहिली, तिच्यामुळेच त्या मरणाला शब्द मिळाले. पुनरुत्थानाची पहिली वार्ता ज्यांनी आणली त्याही स्त्रियाच होत्या, आणि त्यांच्या सांगण्यावरही प्रेषितांचा प्रथम विश्वास बसला नव्हता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

यहुदी परंपरेने या कथेचे काय केले? हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. मिश्ना आणि तालमूद या विशाल ग्रंथांत मसादाचा उल्लेखही नाही. तालमूदने स्मरणात ठेवला तो योहानान बेन झक्काई. वेढ्यात सापडलेल्या जेरुसलेममधून शिष्यांनी त्याला शवपेटीत घालून बाहेर नेले, आणि रोमन सेनापतीकडे त्याने मागितले ते याव्ने हे छोटेसे गाव व तेथील विद्वानांची सोबत, अशी ती परंपरा आहे. मंदिर नाही, बलिदान नाही, राज्य नाही. अशा स्थितीत पठण, प्रार्थना आणि गृहस्थाचे आचार यांवर यहुदी धर्म पुन्हा उभा राहिला तो याव्नेत. जोसीफसचे मूळ ग्रीक लेखन तर जपले ख्रिस्ती नकलनविसांनी. दहाव्या शतकात 'योसिप्पोन' या हिब्रू ग्रंथात मसादा पुन्हा अवतरला, परंतु त्या लेखकाला आत्मघाताचा शेवट रुचला नसावा. त्याच्या कथेत पुरुष बाहेर पडून शत्रूशी लढता लढता मरतात.

मग मसादा प्रतीक झाला कधी? अगदी अलीकडे. १८३८ मध्ये एडवर्ड रॉबिन्सन व इलाय स्मिथ या अमेरिकन प्रवाशांनी तो डोंगर ओळखला. १९२७ मध्ये इसहाक लामदान या कवीचे 'मसादा' हे दीर्घ हिब्रू काव्य प्रसिद्ध झाले. पूर्व युरोपातील कत्तलींतून निसटलेल्या त्या कवीसाठी मसादा म्हणजे अखेरचा आसरा होता. पुढे हिटलरच्या राज्यात साठ लक्ष यहुदी मारले गेले, आणि मग त्या काव्यातील शपथेसारखा उद्गार एका राष्ट्राची घोषणा बनला. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी तेथे उत्खनन केले. देशोदेशींचे स्वयंसेवक त्यासाठी धावून आले. काही काळ इस्राएलच्या सैनिकांना गडाच्या माथ्यावर शपथ देण्यात येई. २००१ मध्ये युनेस्कोने मसादाला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले. परंतु याच देशात या प्रतीकाचे टीकाकारही निपजले. १९७० नंतरच्या दशकात 'मसादा-गंड' असा शब्द राजकीय चर्चेत आला. आपण सदैव वेढलेलेच आहोत असे मानणारे मन तडजोडीची वाट पाहू शकत नाही, असा त्यामागचा आक्षेप होता. १९९५ मध्ये नाखमान बेन-येहुदा या इस्राएली समाजशास्त्रज्ञाने 'मसादा मिथक' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तकच लिहिले. ऑक्टोबर २०२३ मधील हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला अपार मनुष्यसंहार पाहिल्यावर हा वाद केवळ पंडितांचा राहत नाही. वेढल्याची भावना खोटी नसते. परंतु ती एकटीच मनात उरली तर तटापलीकडे रडणारे मूल ऐकू येत नाही.

यादीन यांना सापडले काय, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. नऊशे साठ सांगाडे सापडले नाहीत. सुमारे तीस माणसांचे अवशेष मिळाले, आणि ते नेमके कोणाचे याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. नावे लिहिलेली खापरे सापडली, त्यांपैकी एकावर 'बेन याईर' अशी अक्षरे आहेत. परंतु आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे चामड्याच्या गुंडाळ्यांचे तुकडे. त्यांत स्तोत्रे आहेत. प्रार्थनागृहाच्या जमिनीखाली पुरून ठेवलेला यहेज्केलच्या ग्रंथाचा भाग आहे, ज्यात कोरड्या अस्थींना जीवन लाभल्याचा दृष्टान्त येतो. आणि तेथे बेन सिराखच्या ग्रंथाचा हिब्रू भागही आहे. आमच्या कॅथलिक बायबलमध्ये हा ग्रंथ आहे. यहुदी आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये तो नाही. अनेक शतके तो आपल्याला ग्रीक भाषांतरावरूनच ठाऊक होता. जो ग्रंथ यहुद्यांनी आपल्या शास्त्रात घेतला नाही आणि आम्ही घेतला, त्याची एक अतिप्राचीन हिब्रू प्रत मसादाच्या भिंतीत मिळावी, यात आम्हांला ऐतिहासिक योगायोगाहून अधिक काही दिसते. त्या गुंडाळीतील शेवटचा भाग पूर्वजांच्या स्तुतीचा आहे. ज्यांचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही अशांचीही आठवण त्यात काढलेली आहे.

ज्यांचे नाव कोणाच्या लक्षात नव्हते अशी काही यहुदी कुटुंबे आपल्या कोकणातही होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, उरलेल्यांची प्रेते तेथेच पुरली, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. ही घटना नेमकी कोणत्या शतकातील याविषयी एकमत नाही. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. भाषा गेली. ते तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, पेणकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर झाले. परंतु शनिवारी त्यांनी घाणा बंद ठेवला. गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. मुलाची सुंता आठव्या दिवशी करावयाची, खवले व पर नसलेला मासा खावयाचा नाही, आणि प्रत्येक प्रसंगी 'शेमा' ही एकच प्रार्थना म्हणावयाची, एवढेच त्यांच्यापाशी उरले होते. ना किल्ला, ना तट, ना पुरोहित, ना पुस्तक.

त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे पाहावीत. प्रायश्चित्ताचा महान दिवस म्हणजे 'दारफाळणीचा सण', कारण त्या दिवशी घराची दारे बंद असत. आणि जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपवास म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. मंदिराच्या विनाशाचा शोक, ज्या विनाशानंतर तीन-चार वर्षांतच मसादा पडला, तो शोक रायगड जिल्ह्यातील एका स्वयंपाकघरात वालाच्या बिरड्याच्या नावाने जपला गेला! मोठमोठ्या प्रतीकांच्या रांगेत बिरड्याची वाटी कोणी मांडणार नाही. परंतु टिकणे म्हणजे काय, याचे उत्तर आम्हांला नऊशे साठांच्या मरणापेक्षा त्या वाटीत अधिक स्पष्ट दिसते. पुढे दाविद राहाबी नावाच्या यहुदी गृहस्थाने त्यांना ओळखले, तेही स्त्रियांनी शिजविण्यासाठी दिलेल्या माशांतून निषिद्ध मासे वेगळे काढले तेव्हा, असे परंपरा सांगते. येथेही साक्ष स्त्रियांचीच.

यानंतरचा त्यांचा इतिहास लिखित आहे. १७९६ मध्ये सामुएल एझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत दिले. बेने इस्राएलांनी ते व्याकरण घेतले, मराठी बायबलही वाचले, आणि आपल्या धर्मावर अधिक दृढ झाले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचे विधिपुस्तक हिब्रू व मराठीत छापले गेले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत. मोशे आणि एलिया यांची आख्याने त्यांनी कीर्तनाच्या थाटात मराठीत गायिली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. कित्येक जण दिमोना, बीरशेबा यांसारख्या वाळवंटी नगरांत, मसादापासून फार दूर नसलेल्या प्रदेशात, स्थायिक झाले. तेथे त्यांना काय अनुभव आला? त्यांच्या यहुदीपणाविषयीच धर्मपीठाने शंका घेतली, विवाहाच्या वेळी वंशाची चौकशी सुरू केली. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. किल्ल्याच्या देशात किल्ल्याविना टिकलेल्यांना आपली ओळख पुन्हा सिद्ध करावी लागली. त्यांनी तेथेही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

येथे कॅथलिक लेखकाने मौन पाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. यहुद्यांना तटाची गरज का भासली, या प्रश्नाच्या उत्तरात ख्रिस्ती इतिहासाची अनेक पाने येतात. युसेबियससारख्या ख्रिस्ती इतिहासकाराने जोसीफसच्या ग्रंथाचा उपयोग जेरुसलेमचा पाडाव म्हणजे यहुद्यांना झालेली देवाची शिक्षा होय, हे दाखविण्यासाठी केला. हे वाचन शतकानुशतके आमच्या व्यासपीठांवरून चालले. आमच्याच किनाऱ्यावर, गोव्यात, १५६० मध्ये धर्मन्यायसभा स्थापन झाली. औषधी वनस्पतींवरील ज्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याची बहीण यहुदी धर्म पाळते म्हणून १५६९ मध्ये जाळली गेली, आणि ओर्ताची स्वतःची हाडे १५८० मध्ये कबरेतून काढून जाळण्यात आली. रेवदंडा त्या काळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि शनिवार तेल्यांचे घाणे त्याच्या आसमंतातच फिरत होते. घाण्याला तट नव्हता, हेच कदाचित त्यांच्या पथ्यावर पडले असावे.

ख्रिस्तसभेने ही वाट सोडली आहे. १९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचा अपमानकारक शब्द काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी द्वितीय व्हॅटिकन महासभेच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणेने, प्रभूच्या मरणाचा दोष यहुदी जनतेवर सरसकट लादता येत नाही आणि देवाने त्यांना धिक्कारले असे शिकविता येत नाही, हे स्पष्ट केले. १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोमच्या यहुदी प्रार्थनामंदिराला भेट दिली. तेव्हा आज कॅथलिक वाचक मसादाची कथा वाचतो तो शिक्षेची कथा म्हणून नव्हे. तो ती एका भावाच्या दुःखाची कथा म्हणून वाचतो, आणि भावाचे दुःख समजून घेताना त्याच्या प्रत्येक प्रतीकाला मान डोलावलीच पाहिजे असे नाही.

त्या शेवटच्या रात्रीबद्दल आमची भूमिका काय असावी? दुसऱ्या मक्काबी ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात रासीस नावाच्या वडीलधाऱ्याचा आत्मघात वीराला साजेशा शब्दांत वर्णिलेला आहे. आमच्या शास्त्रातच तो आहे. त्याचा आधार घेऊन काहींनी आत्मघाताचे समर्थन केले तेव्हा संत ऑगस्टीन यांनी उत्तर दिले, की शास्त्राने ही कृती सांगितली आहे, ती अनुकरणीय ठरविलेली नाही. मसादालाही हेच सूत्र लागू करावे असे आम्हांला वाटते. त्या बापांच्या हातांवर निवाडा देण्याचा अधिकार आम्हांला नाही. रोमन छावणीत त्यांच्या लेकीबाळींचे काय झाले असते हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्या कृतीला गौरवाचा मुकुट घालून तरुणांपुढे ठेवणेही आम्हांला मान्य नाही. ज्या घरांत कोणी निराशेच्या भरात आपले जीवन संपविले आहे, त्या घरांना धर्मग्रामाने माया द्यावी, मृताला देवाच्या दयेवर सोपवावे, आणि जिवंतांना मात्र जीव ही ठेव आहे हेच सांगावे.

हा विषय चऱ्होलीच्या वाचकांपुढे आणण्याचे कारण आता सांगतो. या औद्योगिक पट्ट्यात आमची कुटुंबे अहिल्यानगरच्या खेड्यांतून, वसईतून, गोव्यातून, केरळातून, कोठून कोठून आली आहेत. पाळीच्या नोकऱ्या, उंच इमारती, शेजारी बहुधा अन्यधर्मीय, आणि मिस्सेसाठी करावा लागणारा प्रवास. मुलांची श्रद्धा टिकेल काय, ही काळजी आईबाप आमच्यापाशी बोलून दाखवितात. आपली वेगळी वसाहत असावी, आपली मुले आपल्यांतच राहावीत, असा सूर कधीकधी निघतो. ती काळजी खरी आहे आणि तिच्याविषयी आम्हांला आदर आहे. परंतु तटाने माणसे एकत्र कोंडता येतात, श्रद्धा पुढच्या पिढीच्या हाती देता येत नाही. शनिवार तेल्याने शेजाऱ्याला तेल विकले, त्याची भाषा आपली केली, त्याच्यासारखे नेसला आणि जेवला. फक्त आठवड्यातील एक दिवस आणि तोंडातील एक प्रार्थना सोडली नाही. रविवारचा पवित्र दिवस, संध्याकाळची कौटुंबिक रोझरी, उपवासकाळातील साधे जेवण, आणि त्या जेवणामागचे कारण मुलांना समजेल अशा मराठीत सांगणारी आई किंवा आजी, ही आमची टाकी आहे. हेरोदाने खडकात पाणी साठविले तसे हे घरात साठवावे लागते, आणि ते पाऊस पडतो तेव्हाच साठवावे लागते.

जिज्ञासू वाचकांनी बायबलमधील बेन सिराखच्या ग्रंथाचा चव्वेचाळिसावा अध्याय आणि दुसऱ्या मक्काबी ग्रंथाचे सातवे व चौदावे हे दोन अध्याय एकत्र वाचावेत. सातव्या अध्यायातील माता आपल्या सात पुत्रांना शत्रूच्या हातून मरताना पाहते, परंतु त्यांच्यावर स्वतः हात उचलत नाही. तिची आणि रासीसची तुलना घरातील मोठ्या मुलांशी बोलावी. पुण्याच्या लष्कर भागात दाविद ससून यांनी उभारलेले लाल देऊळ अद्याप उभे आहे; महाराष्ट्रात आता काही हजारच यहुदी उरले असून २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली आहे. सुट्टीत अलिबागला जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्रस्नान आटोपल्यावर नवगावलाही जावे. तेथे गलबतातून न वाचलेल्यांची दफनभूमी आणि एक स्मारकस्तंभ आहे. मुलांना तेथे नेऊन ती सात जोडप्यांची कथा सांगावी, आणि त्या न पाहिलेल्या पूर्वजांसाठी एक क्षण मौनाने उभे राहावे.